अंगावरचं दूध पुरत नाही असं घरातले म्हणतात – खरं कसं ओळखायचं?

ऐरोलीचा_बाबा

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची मुलगी आता दहाएक दिवसांची आहे. बायकोचं सिझर झालं. बाळाचं जन्माच्या वेळचं वजन २.९ किलो. दूध चौथ्या दिवशी उतरलं. तोवर बाळ रात्रभर रडायचं, म्हणून हॉस्पिटलातच पावडरचं दूध सुरू करून दिलं आणि ते अजून चालूच आहे. बायको आधी अंगावर घेते. बाळ दहा-पंधरा मिनिटं लुचतं आणि झोपून जातं. खाली ठेवलं की पुन्हा रडारड. मग बाटलीतून ६० मिली देतो, ते गटागटा संपतं आणि तीन तास गाढ झोप. हे पाहून सगळे म्हणतात, 'बघ, उपाशीच होतं बिचारं.' पंपाने काढून पाहिलं तर बाटलीचा तळ जेमतेम झाकला. मध्यंतरी छाती दगडासारखी दाटली होती, ती आता मऊ पडलीय, म्हणून बायको आणखीनच घाबरलीय.

आईने अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, शेपूची भाजी असं सगळं सुरू केलंय. शतावरीचा डबाही आला. तरी रात्री बायको बाळाला मांडीवर घेऊन रडत बसते आणि मला काय बोलावं कळत नाही.

दूध खरंच कमी आहे का, हे घरी कसं ओळखायचं? आणि कमी असेल तर ते वाढतं कशाने? मला त्यामागचं कारण समजून घ्यायचंय. घरात रोज नवा सल्ला येतो आणि मी कुणालाच उत्तर देऊ शकत नाही.

सीवूड्स_मधुरा

दादा, आधी वहिनींना सांगा की पहिल्या बाळाच्या वेळी आमच्यापैकी बहुतेकींनी हेच ऐकलंय. इथे जुनी_परिचारिका ताई आहेत, त्या नीट समजावतील. मी वर काढते धागा.

जुनी_परिचारिका

ऐरोलीचे बाबा, तुम्ही कारण विचारलंत हे फार बरं केलंत. माझी नोकरी ठाण्यात प्रसूतिगृहातच झाली, आता निवृत्त आहे, पण ओळखीतल्या बाळंतिणींकडे अजून जाते. जाईन तिथे हेच वाक्य कानावर येतं, दूध पुरत नाही. त्यातल्या बहुतेक घरांत आईत काही कमी नसतं. बाळाला छातीशी पुरेशा वेळा घेतलेलं नसतं, एवढंच. सविस्तर लिहिते, सावकाश वाचा आणि वहिनींनाही वाचून दाखवा.

दूध बाळंतपणानंतर तयार व्हायला लागतं असं लोक समजतात. खरं तर गरोदरपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यापासूनच स्तनांत चीक बनू लागतो. काहींना शेवटच्या महिन्यांत झंपरावर डाग दिसतो तो त्याचाच. मग भरपूर दूध तेव्हाच का येत नाही? वारेमुळे, म्हणजे प्लासेंटामुळे. वारेतून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर येत असतं आणि ते दूध रोखून धरतं. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन रक्तात तेव्हाही भरपूर असतं, पण प्रोजेस्टेरॉनपुढे त्याचं काही चालत नाही. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येतं आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध उतरतं. हे शरीर आपलं आपण करतं, बाळ छातीला लागलेलं असो वा नसो. ज्यांचं बाळ दुर्दैवाने राहत नाही त्या आयांनाही दूध येतं, ते यामुळेच.

सिझर, पहिलटकरीण, मधुमेह, जास्त वजन, फार लांबलेल्या कळा, खूप रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर दूध उतरायला एखाद-दोन दिवस जास्त लागू शकतात. वारेचा तुकडा आत राहिला असेल तरीही अडतं. तुमच्याकडे चौथ्या दिवशी उतरलं, म्हणजे वेळेतच.

आता ते मधले दिवस, जिथे बहुतेकांचा धीर सुटतो. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला चहाचा चमचाभर चीक मिळतो, कधी त्याहूनही कमी. त्याच्या पोटालाही तेवढंच लागतं. हा चीक घट्ट, पिवळसर असतो आणि बाळाच्या आतड्याचं जंतूंपासून रक्षण करणारी प्रतिपिंडं त्यात ठासून भरलेली असतात. 'पिवळं दूध जड पडतं, पिळून टाका' असं सांगणाऱ्या बायका मी वॉर्डातच पाहिल्यात. मला त्याचा अजूनही संताप येतो. पहिलं दूध म्हणजे बाळाचा हक्काचा घास आहे, तो मोरीत कसा टाकायचा?

दूध उतरल्यानंतर मात्र सगळा कारभार बदलतो. इथून पुढे दूध किती बनणार हे स्तनातून किती दूध निघतं यावर ठरतं. विहीर उपसली की झरे मोकळे राहतात, तसं. स्तन भरलेला राहिला की दुधातलेच काही घटक पेशींना 'पुरे' असं सांगतात आणि काम मंदावतं. रिकामा झाला की पेशी पुन्हा जोमाने कामाला लागतात. हे प्रत्येक बाजूचं स्वतंत्र चालतं. म्हणूनच एकाच बाजूला पिणाऱ्या बाळाच्या आईची दुसरी बाजू हळूहळू आटते आणि पिती बाजू एकटी बाळाला पुरी पडते. अन्न तेच, आई तीच, मन तेच, तरी दोन बाजूंत एवढा फरक पडतो.

आता तुमच्या घरचा हिशेब बघा. दर वेळी ६० मिली बाटलीतून गेलं, म्हणजे तेवढं दूध आईकडून मागितलंच गेलं नाही. वर बाळ तीन तास झोपलं, म्हणजे मधे एक पाजणंही हुकलं. शरीराला एवढंच समजतं की मागणी कमी आहे, आणि ते कमी बनवतं. मग घरातले म्हणतात, बघा दूध कमी झालं, वरचं वाढवा.

बाळ बाटली गटागटा पितं म्हणून ते भुकेलंच होतं असं नाही. टाळूला निप्पल टेकलं की चोखायचं, ही उपजत क्रिया आहे. बाटलीतून धार आपोआप येते, बाळाला गिळावंच लागतं. पंपात आलेल्या दुधावरूनही अंदाज बांधू नका. बाळ ज्या रीतीने दूध ओढतं तशी रीत पंपाला जमत नाही, आणि पाजून झाल्यावर लगेच काढलं तर थोडंच निघणार. छाती मऊ पडणं हेही चांगलंच. सुरुवातीच्या दगडासारख्या दाटण्यात दुधाबरोबर रक्त आणि सूजही असते. ती ओसरली की छाती मऊ होते, दूध कुठे जात नाही.

दोन गोष्टी मोजून कळवा. चोवीस तासांत किती लंगोट ओले होतात आणि बाळाचं आताचं वजन किती. आणि शीचा रंग कोणता?

घणसोली_प्रिया

ताई, पेशींना 'पुरे' सांगणारं ते दुधातच असतं हे पहिल्यांदा कळलं. माझ्या जावेचं एकाच बाजूचं दूध टिकलं होतं, सगळे म्हणायचे दृष्ट लागली.

ऐरोलीचा_बाबा

ताई, तुमचं लिहिलेलं आम्ही दोघांनी दोनदा वाचलं. लंगोट सात ओले झाले. शी पिवळी, पातळ, मोहरीच्या दाण्यांसारखे कण असलेली. आज ठाण्यात बाळाच्या डॉक्टरांकडे वजन केलं, २.८८ किलो. पण यात वरच्या दुधाचाही वाटा आहे ना? मग अंगावरचं किती मिळतंय हे कसं समजायचं?

जुनी_परिचारिका

अगदी बरोबर शंका. म्हणून एका झटक्यात वरचं बंद करायचं नाही. आधी बाळ छातीला नीट लागतंय का ते बघू, कारण दहा-पंधरा मिनिटांत झोपणारं बाळ पुष्कळदा फक्त टोक चोखत असतं.

वहिनींना पाठीला भक्कम आधार देऊन बसवा. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून, किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे घेऊन धरा, पोटावर भार येत नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं हवं, नुसती मान वळवून प्यायला लावू नका. स्तनाग्राने बाळाचा वरचा ओठ हलकेच गुदगुल्या केल्यासारखा शिवायचा आणि थांबायचं. बाळ जांभई दिल्यासारखा मोठा आ करेल, त्याच क्षणी बाळाला छातीकडे आणायचं. आई पुढे वाकली की पाठ धरते आणि पकडही सुटते. नीट लागलं की हनुवटी स्तनात रुतलेली दिसते, खालचा ओठ बाहेर उलटलेला असतो, आणि भोवतालचा काळा भाग वरून जास्त दिसतो, खालून कमी. पहिल्या काही क्षणांनंतर दुखता कामा नये. दुखत राहिलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

मग कान द्या. आधी भराभर चोखणं, पान्हा फुटला की लय संथ होते. एक-दोनदा ओढणं, क्षणभर हनुवटी खाली थांबणं, मग घुटका. तो थांबा म्हणजे तोंड भरलंय. घुटके ऐकू येणं बंद झालं आणि नुसतं चुळबुळत चोखणं उरलं, की स्तन पूर्ण हाताने धरून हलका दाब द्या, पुन्हा घुटके सुरू होतात. तेही थांबले की दुसरी बाजू. झोपलं तर लंगोट बदला, अंगावरचं दुपटं काढा, तळपाय चोळा. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं उबदार बाळ पिणार कसं, ते झोपणारच.

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, घड्याळ लावून नाही, बाळ तोंड वळवू लागलं, हात चोखू लागलं की लगेच. रडणं ही भुकेची फार उशिराची खूण आहे. रात्रीचं पाजणं मुळीच चुकवू नका. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, आणि दर वेळी बाळ लुचलं की आणखी वर जातं. बाळंतिणीला झोप मिळावी म्हणून सासूबाई रात्री बाटली देतात, भावना चांगलीच असते, पण नेमका मोलाचा वेळ वाया जातो. तिला दुपारी झोपू द्या आणि बाळाला तेव्हा तुम्ही घ्या.

बालरोग_वाशी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, वाशीला प्रॅक्टिस करतो. ताईंनी लिहिलंय ते बरोबरच आहे. वजनाबद्दल थोडी भर घालतो, कारण निर्णय त्यावर घ्यायचा असतो.

पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन ७ टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं. १० टक्क्यांपर्यंत उतरलं की बारकाईने बघावं लागतं, त्यापुढे गेलं तर तपासून मदत लागतेच. सिझरच्या आईला शिरेतून बरंच सलाइन गेलेलं असेल तर बाळाचं जन्मवजनही थोडं फुगलेलं असू शकतं आणि घट जास्त दिसते. बाळाने साधारण दोन आठवड्यांत जन्मवजन परत गाठावं आणि त्यानंतर दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढावं. तुमचं बाळ जवळजवळ पोचलंय.

वरचं कमी करायचं असेल तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने वजन करत, दर वेळेच्या ६० मिलीतून थोडं थोडं उतरवा. वजन त्याच काट्यावर, लंगोट काढून. नाहीतर दुसऱ्या काट्याचा फरक तुम्ही दुधाचा फरक समजाल. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं (दूध पाजायची चोचीची छोटी वाटी) वापरा. पावडर पातळ करून 'कमी' करू नका, ते धोक्याचं आहे. डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात.

आणि हे असेल तर धाग्यावर विचारत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा: पाचव्या दिवसानंतरही दिवसाला सहापेक्षा कमी ओले लंगोट, चौथ्या-पाचव्या दिवशीही काळी शी, बाळ इतकं सुस्त की पाजायला उठवत नाही, कावीळ पायांपर्यंत उतरलेली, ताप, सुकलेलं तोंड. अशा बाळाला तेव्हा दूध हवं असतं, कुठलंही. आईचं काढलेलं असेल तर उत्तम, नसेल तर पावडरचं. त्यानंतर आईच्या दुधाचं बघता येतं.

माजिवड्याच्या_काकू

सगळं वाचलं. आम्ही आपल्या अनुभवाचं सांगतो. आमच्या वेळी गाईचं दूध पाणी घालून दिलं, जन्मघुटी दिली, उन्हाळ्यात पाणी पाजलं, मुलं धडधाकट वाढली. आता प्रत्येक गोष्टीचं एवढं शास्त्र. आणि अळिवाच्या लाडवांना काही अर्थच नाही का? माझ्या आजीपासून चालत आलेलं आहे ते.

जुनी_परिचारिका

काकू, तुमच्या आजीने बाळंतिणीला सव्वा महिना खोलीत ठेवलं, कुणी कामाला लावलं नाही, बाळ दिवसरात्र कुशीत राहिलं. दूध वाढायला तेच तर लागतं. ती रीत टिकवायला हवी होती आणि आपण नेमकी ती सोडली.

लाडू जरूर द्या. अळिवात लोह आहे, डिंक-खोबऱ्याने ताकद येते, आणि पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात. शेपू, मेथी, बाळंतशेप, सगळं चालेल. पण त्यांनी दूध वाढतं याचे ठोस पुरावे फार थोडे आहेत, आणि लाडू खाऊन बाळाला बाटली दिली तर दूध वाढणार नाही, वजन वाढेल. पाणी तहान लागेल तेवढं प्यावं, त्याहून जबरदस्तीने तांबेच्या तांबे प्यायल्याने दूध वाढत नाही. शतावरी घ्यायची तर एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला. दूध वाढवायच्या म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या मात्र स्वतःहून अजिबात नकोत.

पाण्याचं म्हणाल तर मे महिन्यातल्या ठाण्यातसुद्धा सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी लागत नाही. दुधाचा बहुतेक भाग पाणीच असतो. पोटात पाणी गेलं की दुधाची जागा जाते आणि पाण्यातून जुलाबाची भीती वेगळीच. घुटी, मध चाटवणं नको. मधातून वर्षाखालच्या बाळाला बॉट्युलिझम हा जंतूंच्या विषाने होणारा आजार होऊ शकतो, तो जिवावर बेततो.

आणि मालीशवाल्या बाईंवर लक्ष ठेवा. नवजात बाळाची छाती, मुलगा असो वा मुलगी, कधी कधी थोडी फुगलेली असते आणि दुधाचा थेंबही दिसतो. आईच्या संप्रेरकांचा तो परिणाम, काही आठवड्यांत आपोआप जातो. पण कितीतरी बाया 'दूध काढून टाकते' म्हणून ती पिळतात. त्याने तिथे पू होतो. मी अशी बाळं वॉर्डात पाहिलीत, त्यांच्या किंकाळ्या विसरता येत नाहीत. हात धरून थांबवा, वाईट वाटलं तरी चालेल.

खारघर_आर

थोडं वेगळं लिहिते. माझं दूध खरंच कमी होतं. बाळ नीट लागत होतं, आठ-दहा वेळा पाजत होते, पाजून झाल्यावर हाताने काढतही होते, तरी वजन हलेना. तपासणीत थायरॉइड निघालं. औषध सुरू झाल्यावर फरक पडला, पण पूर्ण कधीच पुरलं नाही. मी अंगावरचं आणि वरचं दोन्ही दिलं. 'मनापासून पाजलं की येतंच' हे वाक्य तेव्हा फार टोचायचं. ज्यांना खरंच अडचण आहे त्यांच्यासाठीही जागा असू द्या.

जुनी_परिचारिका

खारघर_आर, बरं झालं लिहिलंत. थायरॉइड, बाळंतपणात खूप रक्त जाणं, स्तनांची पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, काही जणींत दूधग्रंथीच कमी असणं, ही खरी कारणं आहेत आणि ती इच्छेने दूर होत नाहीत. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही दूध कमी होतं, सर्दीच्या काही गोळ्यांनीही. म्हणून पाजत असताना कुठलीही गोळी विचारूनच घ्यायची. जितकं अंगावरचं दूध बाळाला मिळालं तितकं त्याला लाभलं. उरलेलं वरून दिलं तर त्यात कुणाची कमतरता नाही.

'मनापासून' हा शब्द ऐकून मलाही राग येतो, पण त्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती घरातल्यांसाठी आहे. दूध बनणं वेगळं आणि बाहेर येणं वेगळं. बाहेर काढतं ऑक्सिटोसिन. बाळ लुचलं, बाळाचा वास आला, नुसतं त्याचं रडणं ऐकलं तरी ते सुटतं आणि दूधग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू आवळून दूध पुढे ढकलतात. पहिल्या दिवसांत पाजताना पोटात कळ येते तीही त्याचीच, त्याने गर्भाशय आवळतं. पण आई घाबरलेली, दुखावलेली, चारजणींसमोर अवघडून बसलेली असेल तर ऑक्सिटोसिन अडतं. दूध आत असूनही पान्हा फुटत नाही. म्हणजे 'तुला दूध नाही' असं दिवसातून पाचदा म्हणणाऱ्या माणसानेच पान्हा अडवलेला असतो. ऐरोलीचे बाबा, तुम्ही विचारलंत कुणाला काय उत्तर द्यायचं, तर हे द्या. आणि पाहुण्यांना दाराशीच थांबवायचं काम तुमचं.

ऐरोलीचा_बाबा

ताई, तुमचं हे उत्तर आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी आलेल्या मावशींना तिनेच सांगितलं की सून पाजतेय, नंतर या.

बाळ कुशीवर झोपून छान लागतंय, घुटके ऐकू येतात. बाटली बंद करून बोंडलं आणलं, जांभळी नाक्याला भांड्यांच्या दुकानात मिळालं. डॉक्टरांच्या सांगण्याने वरचं निम्म्यावर आणलं आणि वजन पुढच्या वेळी ३ किलोच्या वर गेलं. फक्त संध्याकाळी सहा ते दहा बाळ छाती सोडतच नाही. तेव्हा पुन्हा तोच प्रश्न पडतो.

सीवूड्स_मधुरा

३ किलो! अभिनंदन वहिनींना. संध्याकाळचं ते सगळ्यांकडे होतं हो. पाळीपाळीने जेवा, वहिनींना भरवा, आणि मोबाइल चार्ज करून हाताशी ठेवा.

बालरोग_वाशी

संध्याकाळी सलग, थोड्या थोड्या वेळाने पिणं हे या वयात नेहमीचं. साधारण दोन-तीन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी आणि तिसऱ्या महिन्यात एकदम भूक वाढल्यासारखी वाटते, बाळ दोन-तीन दिवस सारखं मागतं. मागू द्यावं, त्यानुसार दूध वाढतं. नेमक्या त्याच दिवसांत लोक डबा आणतात. लंगोट आणि वजन ठीक असेल तर डब्याची गरज नाही.

आणखी एक. आईचं दूध महिन्याभरात दिवसाला साधारण ७५० मिलीच्या आसपास स्थिर होतं आणि सहा महिन्यांपर्यंत फारसं वाढत नाही. बाळ मोठं झालं म्हणून दूध दुप्पट व्हायला हवं असा हिशेब करू नका. सहा महिने फक्त अंगावरचं, मग वरचं जेवण सुरू करून दोन वर्षं किंवा पुढेही पाजायला हरकत नाही.

कळवा_ते_महापे

माझा प्रश्न पुढचा आहे. मुलगा पाच महिन्यांचा होतोय, महिनाभरात कामावर रुजू व्हायचंय. महाप्यात ऑफिस, कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्स हार्बर पकडायची, दारापासून दारापर्यंत सव्वा तास. दिवसभर पाजलं नाही तर दूध जाईल का?

घोडबंदर_स्नेहा

मी हे केलंय, लिहिते. दूध जात नाही, फक्त ऑफिसातही ते काढत राहायला हवं. बाळ घरी जितक्या वेळा प्यायचं साधारण तितक्या वेळा, म्हणजे दर तीन तासांनी. मी आधी हाताने थोडं काढायचे, मग पंप लावायचे. हाताने काढायचं असं: अंगठा वर आणि बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेपासून थोडं मागे. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं. कातडीवरून बोटं घासायची नाहीत. सुरुवातीला थेंबथेंब, मग धारा लागतात. पंपाचं तोंड आपल्या मापाचं घ्या, मोठं किंवा लहान असेल तर दुखतं आणि दूधही कमी निघतं. ऑफिसात बाळाचा व्हिडिओ बघत काढलं की पान्हा लवकर फुटतो, हे खरंच होतं.

घरी आल्या आल्या आणि रात्री अंगावरच पाजा. सुट्टीच्या दिवशी पंप कपाटात ठेवा.

रजेचं म्हणाल तर १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातच मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन सुट्ट्यांची तरतूद होती, जेवणाच्या सुट्टीशिवाय, आणि आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर असणं बंधनकारक झालं. एचआरला लेखी ईमेल करा. मी जिथे होते तिथे मला बाथरूममध्ये काढायला सांगितलं होतं, मी नकार दिला. बाळाचं अन्न आहे ते. शेवटी छोटी मीटिंग रूम मिळाली, दारावर पडदा लावला, आणि माझ्यानंतर आणखी दोघींनी तीच वापरली.

कळवा_ते_महापे

खूप आभार ताई. दूध टिकतं किती वेळ? ऑफिसात फ्रिज आहे, पण परतीच्या गाडीला संध्याकाळी गर्दी आणि उकाडा.

जुनी_परिचारिका

ताजं काढलेलं दूध २५ अंशापर्यंतच्या तापमानात चार तास. आपल्याकडे उन्हाळ्यात तेवढंही धरू नका, काढलं की फ्रिजमध्ये. फ्रिजच्या दारात नाही, आत मागे, तिथे चार दिवस. डीप फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत चालतं. गाडीत बर्फाच्या पॅकसकट थंड पिशवी, त्यात २४ तासांपर्यंत सुरक्षित. बाटलीवर तारीख लिहा, जुनं आधी वापरा. गोठलेलं रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेवायचं, मग कोमट पाण्यात बाटली धरायची. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. बाळाने तोंड लावून उरलेलं दोन तासांत संपवा, नाहीतर टाका. वर साय आल्यासारखी दिसते ती स्निग्धता, हलवलं की मिसळते.

एखादीला भरपूर येत असेल आणि साठत असेल तर दूधपेढीचा विचार करा. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ मध्ये आपल्याच सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. कमी दिवसांच्या, आईचं दूध न मिळणाऱ्या बाळांना तिथलं पाश्चराइझ केलेलं दूध दिलं जातं. दूध देण्याआधी आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात.

घणसोली_प्रिया

आमच्याकडे परवा रात्रभर वीज नव्हती. फ्रीझरमधल्या बाटल्या अर्धवट वितळल्यात, टाकून देऊ का?

जुनी_परिचारिका

आत बर्फाचे कण अजून दिसत असतील तर पुन्हा गोठवता येतील. पूर्ण पाणी झालं असेल पण अजून थंडगार असेल, तर फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत वापरा, पुन्हा गोठवू नका. कोमट लागत असेल तर टाका.